प्रश्न काढणाऱ्या बाईंचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी भाषणाचा विषय कळवला तेव्हा आपल्या चिटणीसबाई फोनवर क्षणभर गप्पच झाल्या. "ऑनलाइन चाचणीचे प्रश्न कसे काढावेत व कसे सांभाळावेत, हा विषय आमच्या मंडळात चालेल ना हो?" असे त्यांनी मोठ्या संकोचाने विचारले. त्यांचा संकोच मी समजू शकते. परंतु जिच्या घरी शिकणारे मूल आहे, जिची लेक किंवा सून शिक्षिका आहे, अथवा जी स्वतःच या वयात एखादा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करीत आहे, तिच्या घरात हा विषय मोबाइलच्या वाटेने केव्हाच शिरलेला आहे. आणि यंदा मंडळ मोबाइलवरून आरोग्य प्रश्नमंजूषा घेणार आहे, असेही कानावर आले. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मी आहारशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात नुकत्या बारावी झालेल्या मुली असतात आणि चाळिशी ओलांडलेल्या अंगणवाडीसेविकाही असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी ऑनलाइन झाल्या, हे आपणां सर्वांस आठवत असेल. तेव्हापासून एक समज मात्र पक्का झाला आहे, की हे प्रश्न काढणे म्हणजे अगदी सोपे काम. एक प्रश्न, चार उत्तरे, त्यांतले एक बरोबर. बाकी सारे यंत्र पाहील. पेपर तपासण्याचे कष्ट वाचतात ही गोष्ट खरी आहे. पण ते कष्ट नाहीसे होत नाहीत, परीक्षेच्या आधी येऊन बसतात. जी बाई ते आधी करीत नाही, तिच्या वाटचे कष्ट मुलींना करावे लागतात.

हे बहुपर्यायी प्रश्न मोबाइलबरोबर आले असेही कोणी समजू नये. अमेरिकेत कॅन्सस येथे फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास वाचनाच्या चाचणीत ही पद्धत आणली. तपासणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे गुण बदलू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम होता. मात्र तपासणाऱ्याची मर्जी गेली तरी प्रश्न काढणाऱ्याची मर्जी राहतेच.

आता प्रत्यक्ष प्रश्न घेऊ. "पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणाबरोबर काय घ्यावे?" बरोबर उत्तर लिंबाचा रस. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. आता चुकीची तीन उत्तरे कोणती द्यावीत? 'गुलाबजाम' असे लिहिले तर कोणीही ते निवडणार नाही. तो पर्याय केवळ जागा अडवील. मी 'दूध', 'चहा' आणि 'थंड पाणी' असे पर्याय दिले. चहा जेवणावर घेण्याची सवय पुष्कळ घरांत आहे आणि चहाने लोहाचे शोषण कमी होते. दूध तर आपल्याकडे सर्व दुखण्यांवरचा उपाय. पण दुधातले कॅल्शियमसुद्धा लोहाच्या आड येते. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलींनी 'दूध' निवडले. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट पुढच्या तासाला काय शिकवावे हे ठरून गेले.

चुकीचा पर्याय असा हवा, की शिकणारी बाई खरोखरच तेथे चुकेल. म्हणून मी पर्याय पुस्तकातून काढीत नाही. वर्गात मुली जे बोलतात, शेजारणी जे सांगतात, सासूबाईंचे जे मत असते, ते वहीत टिपून ठेवते. माझ्या सासूबाईंनी नकळत मला कमीत कमी वीस पर्याय पुरवले असतील! चौथा पर्याय मनाजोगता सुचला नाही तर मी तीनच देते. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ साली ऐंशी वर्षांतील संशोधन एकत्र करून पाहिले आणि तीन चांगले पर्याय पुरेसे होतात असाच निष्कर्ष काढला. पण आपल्या संस्थांना चारचा आकडा सोडवत नाही.

मराठीत प्रश्न काढणाऱ्या बाईला आणखी एक व्यवधान ठेवावे लागते, ते इंग्रजी पुस्तकांत सापडायचे नाही. आपल्या भाषेला तीन लिंगे आहेत आणि ती चहाडी करतात. "'क' जीवनसत्त्व मिळावे म्हणून जेवणात कच्ची ------ असावी," असा प्रश्न आहे आणि पर्याय आहेत मुळा, गाजर, बीट आणि ढोबळी मिरची. आता 'कच्ची' म्हटल्यावर मुळाही गेला, गाजरही गेले. जीवनसत्त्व म्हणजे काय हे ज्या मुलीला ठाऊक नाही, तीही ढोबळी मिरचीवर बोट ठेवील. "खालीलपैकी कोणत्या पदार्थात 'क' जीवनसत्त्व सर्वांत अधिक असते?" असे विचारले की चहाडी थांबते.

अशा खुणा पुष्कळ असतात. बरोबर उत्तर नेमके सर्वांत लांब असते, कारण बाईंना ते बिनचूक करायचे असते म्हणून त्यात 'साधारणतः', 'बहुधा' असे शब्द येतात. 'नेहमीच' आणि 'कधीही' हे शब्द आले की हुशार मुलगी तो पर्याय लगेच सोडून देते. 'वरीलपैकी सर्व' या पर्यायाची तर गंमतच आहे. पर्यायांचा क्रम दर मुलीला वेगळा यावा अशी सोय यंत्रात असते. ती चालू केली की 'वरीलपैकी सर्व' हे कधीकधी पहिल्याच क्रमांकावर जाऊन बसते आणि त्याच्या वर काहीच नसते! "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?" हा प्रश्नही मला पसंत नाही. मुलीला आहारशास्त्र येते का हे पाहायचे, की नकारावर नकार सोडवता येतो का हे पाहायचे?

आता थोडे प्रश्नाच्या खोलीविषयी. साखर-मिठाच्या पाण्याचा उपयोग बांगलादेशच्या युद्धकाळात, १९७१ साली, बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी मोठ्या प्रमाणावर केला आणि असंख्य जीव वाचवले. ही अभिमानाची हकिकत वर्गात जरूर सांगावी. पण अंगणवाडीसेविकेच्या परीक्षेत "हे कोणत्या साली झाले?" असे विचारून काय कळणार? तिला मी असे विचारते: "दोन वर्षांच्या मुलास सकाळपासून चार जुलाब झाले आहेत. मूल पाणी पिते आहे, आईचे दूधही घेते आहे. घरी प्रथम काय करावे?" पर्याय असे: साखर-मिठाचे पाणी पाजून दूध चालू ठेवावे, पोटाला विश्रांती म्हणून दूध बंद ठेवावे, जुलाब थांबेपर्यंत पाणी कमी द्यावे, जुलाब थांबवणारी गोळी आणून द्यावी. दुसरा पर्याय तुमच्या-आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. म्हणूनच तो तेथे हवा. चारही पर्यायांची लांबी सारखी राहावी म्हणून मला बराच वेळ खटपट करावी लागली, हे सांगितले पाहिजे. असा एक प्रश्न तयार व्हायला अर्धा तास लागतो. साल विचारणारा प्रश्न अर्ध्या मिनिटात होतो, म्हणूनच तसे प्रश्न फार दिसतात.

अंदाजाने ठोकणाऱ्यांचे काय, असे पुष्कळजणी विचारतात. हिशेब सरळ आहे. चार पर्यायांचे वीस प्रश्न असतील तर डोळे मिटून बोट ठेवणारीला सरासरीने पाच गुण मिळतात. चूक की बरोबर एवढेच विचारले तर दहा! चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला की चार पर्यायांच्या प्रश्नात अंदाजाचा फायदा सरासरीने शून्यावर येतो. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी असलेल्या 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा असतो, म्हणजे तेथेही अंदाजाला थोडा वाव आहेच. माझ्या वर्गातल्या चाचणीत मात्र मी गुण कापीत नाही. गुण कापायला लागले की भित्र्या मुली येत असलेली उत्तरेही सोडून देतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे भित्र्या मुलींत चांगल्या अभ्यासू मुली पुष्कळ असतात.

प्रश्न काढले, आता ते सांभाळायचे. त्याला प्रश्नपेढी म्हणतात. आम्ही 'मूडल' नावाची व्यवस्था वापरतो. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती सुरू केली, २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली, आणि ती विनामूल्य आहे. प्रश्नपेढी लावायची ती मसाल्याच्या डब्यासारखी, हळदीच्या वाटीत हळद आणि मोहरीच्या वाटीत मोहरी. लोहाचे प्रश्न एका कप्प्यात, जुलाबाचे दुसऱ्यात, आणि प्रत्येकात सोपे वेगळे, कठीण वेगळे. कप्प्यात पंधरा प्रश्न असतील आणि यंत्राला त्यांतले कोणतेही पाच उचलायला सांगितले, तर ३००३ निरनिराळे संच होऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून उत्तरे फिरवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. पण सोपे आणि कठीण एकाच कप्प्यात कोंबले असतील तर एका मुलीच्या ताटात पुरणपोळी पडायची आणि दुसरीच्या ताटात शिळी भाकरी, तीही बाईंच्या नकळत.

पेढीतले प्रश्न जुनेही होतात. पाकिटातून मिळणाऱ्या क्षारसंजीवनीचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये बदलले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांच्या आहाराची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२४ मध्ये नव्याने प्रसिद्ध केली, ती सतरा आहेत. जुन्या आकड्यांचे प्रश्न पेढीत तसेच पडून राहिले तर जी मुलगी नवे वाचून येईल तिचेच गुण जातील. दर वर्षी जूनच्या आधी मी सारी पेढी उपसून काढते. २०२२ पासून 'मूडल'मध्ये अशी सोय झाली आहे, की प्रश्न सुधारला तरी त्याची जुनी आवृत्तीही शिल्लक राहते. कोणत्या मुलीने कोणता मजकूर वाचून उत्तर दिले, हे नंतर दाखवता येते. तक्रार आली तर याचा फार उपयोग होतो.

तक्रारीवरून एक हकिकत सांगते. आजच्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच.

आमच्या केंद्रात शिकणाऱ्या एका अंगणवाडीसेविकेने प्रमाणपत्राची अखेरची चाचणी दिली. ती चाचणी दुसऱ्या एका संस्थेने तयार करून निरनिराळ्या केंद्रांना पाठवली होती. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ताई एका गुणाने नापास झाल्या. त्या माझ्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन नव्हे, पुन्हा परीक्षेची फी कधी भरायची ते विचारायला. मी म्हटले, "ताई, आधी तुमची उत्तरे तर पाहू." पाहता पाहता एके ठिकाणी थांबले. प्रश्न होता, "एक लिटर पाण्यात साखरेचे किती सपाट चमचे घालावेत?" उत्तर सहा. मिठाचा अर्धा चमचा आणि साखरेचे सहा, हे तर त्यांना झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. त्यांनी '६' असेच लिहिले होते. यंत्राने त्यावर फुली मारली होती.

कारण काय? ताईंच्या मोबाइलवर मराठी अक्षरफलक होता. त्यांनी मराठी सहा लिहिला, आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी सहा नोंदलेला होता. आपल्या डोळ्यांना दोन्ही सहाच. यंत्राच्या लेखी ती दोन सर्वस्वी निराळी चिन्हे आहेत, जणू कोणी साखरेऐवजी वाळू घातली. मी ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण बाई, यंत्रानं चूक दाखवलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल." आजवर शेकडो लेकरांना साखर-मिठाचे पाणी करून पाजलेली ही बाई!

पुढची खटपट लांबली. उत्तरपत्रिकेत मराठी सहा घालून यंत्राला सर्वांचे गुण पुन्हा मोजायला सांगणे हे पाच मिनिटांचे काम. पण ते करण्याचा अधिकार कोणाला, हे कळण्यातच अकरा दिवस गेले. एकजण म्हणे यंत्राचा निकाल अंतिम असतो, दुसरे म्हणत विद्यार्थिनींना सूचना वाचायला नको का. सूचनांत आकड्याविषयी एक अक्षर नव्हते, हे मी कागदावर छापून दाखवले. अखेर फेरमोजणी झाली. ताई पास झाल्या. आणि त्याबरोबर हेही उघडकीला आले, की इतर केंद्रांतल्या कित्येक बायकांनी मराठी सहाच लिहिला होता. त्यांतल्या एकीनेही तक्रार केली नव्हती. साऱ्याजणी गप्प बसल्या होत्या. मराठीतून शिकलेल्या, मराठीतूनच लिहिणाऱ्या बायकांचे तेवढे गुण गेले होते.

आकड्यांचे जे, तेच शब्दांचे. 'जीवनसत्त्व' हा शब्द किती प्रकारे लिहिला जातो पाहा. एक 'त' कमी, एक जास्त, 'जी' ऱ्हस्व, 'जी' दीर्घ. 'लोह' म्हणावे, 'लोहतत्त्व' म्हणावे, की सरळ 'आयर्न'? 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र तर यंत्रावर दोन रीतींनी उमटवता येतो आणि डोळ्यांना फरक मुळीच दिसत नाही. म्हणून जेथे उत्तर टंकित करायचे असेल तेथे मान्य उत्तरांची यादी आधी भरून ठेवावी. आणि चाचणी झाल्यावर यंत्राने चूक ठरवलेली सर्व उत्तरे एकदा स्वतः वाचावीत. चाळीस मुलींची उत्तरे वाचायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ लागतो.

चाचणी झाल्यानंतरचा दुसरा उपाय आकड्यांचा आहे, तोही अवघड नाही. एकूण गुणांप्रमाणे वरच्या सत्तावीस टक्के मुली आणि खालच्या सत्तावीस टक्के मुली वेगळ्या काढतात. साठ मुलींच्या वर्गात प्रत्येकी सोळा. मग एकेका प्रश्नाला वरच्यांपैकी किती आणि खालच्यांपैकी किती बरोबर आल्या ते पाहतात. चांगल्या प्रश्नाला वरच्या मुली अधिक संख्येने बरोबर येतात. उलटे झाले, म्हणजे अभ्यासू मुली चुकल्या आणि कच्च्या मुली बरोबर आल्या, तर मुलींना बोल लावण्याआधी प्रश्न उघडून पाहावा. बहुतेक वेळा उत्तरच चुकीचे नोंदलेले असते, किंवा दोन पर्याय बरोबर असतात. हे सारे गणित आता यंत्रच करून देते. पाहणारे कोणी हवे.

हे इतके करून या चाचण्या घ्यायच्या तरी कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून मी दर शनिवारी पाच प्रश्नांची चाचणी घेते. तिला गुण नसतात, वेळेची घाई नसते, कितीही वेळा सोडवावी. गावाकडे मोबाइलचे नेटवर्क जाते-येते. घड्याळ लावून बसवले तर परीक्षा मुलीची होत नाही, मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याची होते. आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली मी दोन ओळी लिहिते: 'दूध चांगलेच, पण जेवणाबरोबर नको, त्यातल्या कॅल्शियमने लोह कमी शोषले जाते.' नुसती लाल फुली पाहून कोणालाही काही कळत नाही.

आता मंडळाच्या प्रश्नमंजूषेविषयी, म्हणजे मी मोकळी. चिटणीसबाईंच्या मनात पन्नास प्रश्न आहेत. मी वीस सुचवीन. 'गूगल फॉर्म'मध्ये चाचणीची सोय २०१६ पासून आहे, ती आपल्याला पुरेल आणि खर्चही नाही. उत्तरे टंकित करायला न लावता निवडायला द्यावीत, म्हणजे आकड्यांचा घोटाळा होणार नाही. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही त्यांच्यासाठी तेच प्रश्न कागदावर छापावेत. प्रश्न मी काढीन, पर्याय मात्र आपल्याकडून हवेत. आहार, ताप, जुलाब, बाळंतपण यांविषयी आपण पूर्वी खरी मानीत होता आणि नंतर चुकीची निघाली, अशी एकेक समजूत प्रत्येकीने लिहून द्यावी. नाव घालण्याची जरुरी नाही. कोऱ्या चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. येत्या शनिवारपर्यंत त्या चिटणीसबाईंकडे पोचल्या तर मला महिनाअखेर प्रश्न तयार करून देता येतील.